डब्यात आरवलेला फोन

आमच्या घरातली एखादी वस्तू जागेवर सापडली नाही, की सासूबाई मला विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. थेट शाळेत फोन लावतात. तोही सुखासुखी लागत नाही. आमच्या इमारतीच्या दोन्ही अंगांना उंच इमारती उभ्या राहिल्यापासून घरात रेंज नावाची गोष्ट उरलेली नाही. म्हणून त्या बाहेरच्या खोलीच्या खिडकीत जातात, गजांतून फोन धरलेला हात बाहेर काढतात, स्पीकर चालू करतात आणि गल्लीतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात आमच्या हेडसरांना विचारतात, "आमचं लाटणं तिकडे आलंय का हो?"

आलेलं असतं. लाटणं, चाळणी, इस्त्री, भोवरे, एकदा तर सासूबाईंच्या शिवणयंत्राचा पट्टा. मी फिजिक्स शिकवते आणि सरकारमान्य साहित्याच्या पेटीत जे येतं त्यातलं निम्मं गंजलेलं आणि निम्मं फुटलेलं असतं, त्यामुळे घर हेच माझं कोठार. मुलं मला पाठीमागे 'ठिणगी' म्हणतात. माझ्या प्रयोगात ठिणग्या उडतात म्हणून, असं मी समजत होते. मग एकदा दाराआडून ऐकलं तेव्हा कळलं की ते माझ्या तोंडाबद्दल बोलतात. असू दे. तोंड आहे म्हणून वर्ग जागा राहतो.

मला एका गोष्टीची भयंकर चीड आहे, ती म्हणजे मान डोलावणं. फळ्यावर ऊर्जेचं समीकरण लिहा, चाळीस माना डोलतात. उलटं लिहा, तरी डोलतात. म्हणून मी गोळा टांगला. आमचे हे गोदीत क्रेन चालवतात, त्यांनी भंगारात निघालेला एक लोखंडी गोळा आणून लॅबच्या छताच्या कडीला साखळीने अडकवून दिला. भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, गोळा हनुवटीला लावायचा आणि नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. गोळा पार समोर जातो, तसाच अंगावर धावून येतो आणि हनुवटीच्या बोटभर आधी थांबून माघारी फिरतो. निघाला होता त्याहून वर तो येऊच शकत नाही, जास्तीची ऊर्जा आणणार कुठून? समीकरणावर माना डोलावणारी मुलं गोळा येताना डोळे मिटून घेतात. आणि डोळे मिटले की मला कळतं, कोणाचा समीकरणावर खरोखर विश्वास आहे आणि कोणाचा नुसताच पाठांतराचा. एकदा हेडसरांनीही हौस केली. गोळा परत यायला लागला तसे ते मटकन खाली बसले. मुलांनी आदर राखला आणि कोणी हसलं नाही. मी हसले.

प्रयोगाइतकाच मला दाखल्यांचा नाद. वीज म्हणजे नळातलं पाणी, रेणू म्हणजे मधल्या सुट्टीतली पोरं, असं काहीबाही. त्याचीही खोड एका मुलीने मोडली. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी, वेणी कायम सुटलेली, बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. वीज पाण्यासारखी वाहते असं मी रंगात येऊन सांगत होते, तर ही उठून उभी. "पण बाई, बटण चालू ठेवून दिवा काढला तर वीज खाली का सांडत नाही?"

वर्ग खो खो हसला. मी नाही हसले, कारण प्रश्न अगदी बिनतोड होता. त्या दिवसापासून तिचं नाव 'पण' पडलं आणि माझ्या वर्गात एक रिवाज पडला. बाईंनी दाखला दिला की तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. तास संपायच्या आत वर्गाने तो मोडायचा, म्हणजे तो कुठपर्यंत चालतो आणि कुठे लंगडतो ते शोधून काढायचं. ज्याला सापडेल त्याने उठायचं, माझ्या हातातला खडू घ्यायचा आणि त्या दाखल्यावर आडवी रेघ मारायची. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना हा शुद्ध उद्धटपणा वाटतो. शिक्षकाने लिहिलेल्यावर विद्यार्थ्याने रेघ मारायची म्हणजे काय! मी त्यांना म्हटलं, "माझ्यावर मारत नाहीत, दाखल्यावर मारतात." त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना हेडसरांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक चकचकीत पुस्तिका होती आणि चेहऱ्यावर वाईट बातमी.

"बाई, संस्थेने पडद्यावरचे धडे घ्यायचं ठरवलंय. सगळ्या शाळांत. फिजिक्सपासून सुरुवात."

"कोण शिकवणार?"

"पडदाच शिकवतो. प्रयोग, चित्रं, संगीत, सगळं त्यात आहे. आपण फक्त चालू करायचं."

"आपण म्हणजे मी?"

"आणि बंद करायचं," हेडसर म्हणाले. माणूस वाईट नाही, पण वरून कोणी खोकलं की यांना सर्दी होते. "खोली लागेल अंधारी. तर लॅब रिकामी करावी असं अध्यक्षांचं म्हणणं आहे."

माझ्या पायाखालची जमीन सरकली आणि ती सरकली म्हणून मला जास्तच राग आला. लॅब म्हणजे माझ्या हाताने घासलेली टेबलं, छताला गोळा, कपाटात सासूबाईंचं अर्धं स्वयंपाकघर. ती गेली तर माझ्याकडे काय राहणार? बटण. वीस वर्षं शिकवल्यावर बटण दाबायची नोकरी.

"पडदे खिडक्यांना लावा म्हणावं," मी म्हटलं, "ऊन येतं तिकडून."

"अजून पक्कं नाही," हेडसर घाईघाईने म्हणाले. "संस्थेच्या एक मॅडम पाहणीला येणार आहेत. एकच विषय, दोन तुकड्या. 'अ'मध्ये पडद्यावरचा धडा, 'ब'मध्ये तुमचा. त्या सांगतील तसं होणार. विषय आहे लहरी आणि अडथळे. बाई, एक विनंती आहे. त्या दिवशी सगळं सुरळीत होऊ दे. ते मोडायचं बिडायचं, रेघाबिघा, तेवढं नको."

मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे ऐकलं असं नव्हे, पण त्यांना तसं वाटलं आणि बरं वाटलं.

प्रयोग मी मनातल्या मनात तेव्हाच ठरवला होता. धातूच्या डब्यात फोन ठेवायचा, झाकण लावायचं, बाहेरून फोन लावायचा. वाजत नाही. साधा, झटपट, तोंडात बोटं घालायला लावणारा. सासूबाईंचा पिठाचा स्टीलचा डबा त्यासाठी नामी होता, घट्ट झाकणाचा. त्यातलं पीठ मी पातेल्यात काढलं तेव्हा त्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आता हाही चालला का?"

"एका दिवसासाठी. माझ्या लॅबचा प्रश्न आहे, आई."

लॅब म्हटल्यावर त्या नरमल्या. तोंडाने कितीही कुरकुरल्या तरी शेजारणींना माझ्या गोळ्याची गोष्ट त्याच सांगतात, आणि त्यांच्या गोष्टीत गोळा माझ्यापेक्षा बराच मोठा असतो. मी माझा फोन डब्यात ठेवला, झाकण दाबलं, डबा ओट्यावर ठेवला आणि त्यांना खिडकीत पाठवलं. त्यांनी गजांतून हात बाहेर काढून माझा नंबर लावला. डबा गप्प. खिडकीतून स्पीकरवरची ती बाई गोड आवाजात सांगत होती, आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता ते क्षेत्राबाहेर आहेत.

"जमलं!" मी ओरडले आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

"अगं, पण मी काय म्हणते..."

"आता पण नाही आणि बिण नाही, आई. पण म्हणणारी एक शाळेत आहे, तेवढी पुरे."

त्या जरा फुरंगटून गेल्या. मी डबा पुसून पिशवीत भरला.

मॅडम आल्या त्या दिवशी हेडसरांनी नवा शर्ट घातला होता आणि तो काखेत भिजला होता. मॅडम ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी. बोलणं मोजकं. चेहऱ्यावरून काही थांग लागेल तर शपथ. आधी त्या 'अ' तुकडीत गेल्या. मला तास नव्हता, म्हणून मी व्हरांड्यातल्या खिडकीशी काहीतरी शोधत असल्यासारखी उभी राहिले. शोधत काही नव्हते, ऐकत होते.

पडद्यावर एक तरुण दादा होता. दात असे पांढरे की त्यांच्या उजेडात वाचता यावं. त्याने हसत हसत फोन डब्यात ठेवला, झाकण लावलं, दुसऱ्या फोनवरून लावला. डबा गप्प. संगीत वाजलं, मोठ्या अक्षरात वाक्य उमटलं: धातूचं आवरण लहरींना अडवतं. पोरांनी ते वहीत उतरवलं. उंटावरून शेळ्या हाकणं यापेक्षा वेगळं काय असतं? पण खरं सांगायचं तर चित्र सुंदर होतं, आवाज स्वच्छ होता आणि वेळेत संपलं.

मॅडम उठल्या. "लिफ्टमध्ये फोन का लागत नाही?"

"धातूचं आवरण लहरींना अडवतं," अख्ख्या वर्गाने एका सुरात म्हटलं. हेडसर फुलले.

"छान. मग खिडकीला लोखंडी गज असतात, त्यातून कशा येतात लहरी आत?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली, मग पडद्याकडे. पडद्यावर 'धन्यवाद' लिहिलं होतं. मॅडमनी वाट पाहिली, वहीत काहीतरी टिपलं आणि त्या माझ्याकडे यायला निघाल्या. मी पळत लॅब गाठली.

मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या, हेडसर दाराशी उभे राहिले. मी चाळणी बाहेर काढली. एका बाजूला दाणे, एका बाजूला पीठ. चाळलं. पीठ खाली, दाणे वर. "फोनची लहर साधारण वीतभर लांबीची असते असं धरा. भोक तिच्यापेक्षा बरंच लहान असेल तर ती दाण्यासारखी अडते. धातूच्या डब्याला भोकच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला." सवयीने मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: चाळणी. हेडसरांनी दारातून डोळे वटारले. मी पाठ फिरवली.

"मॅडम, तुमचा फोन देता का? माझ्या फोनला मी काही करून ठेवलंय असं कोणी म्हणायला नको."

मॅडमनी पिशवीतून फोन काढून दिला. मी तो डब्यात ठेवला, झाकण दाबलं आणि डबा उंच धरून सगळ्यांना दाखवला. "हेडसर, लावा मॅडमना फोन. पैज आहे माझी, हूं की चूं होणार नाही."

हेडसरांनी नंबर लावला. लॅब इतकी शांत झाली की छताच्या कडीची करकर ऐकू आली.

आणि डब्यात कोंबडा आरवला.

मॅडमच्या फोनची घंटी कोंबड्याची होती. साधासुधा आरवत नव्हता, छाती फुगवून आरवत होता, आणि डब्यात असल्यामुळे घुमत होता. मागून कोणीतरी पुटपुटलं, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," आणि वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी टेकून हसत होती. कोंबडा थांबेना. हेडसर गोंधळले होते आणि फोन बंद करायचा सोडून तो कानाला लावून उभे होते, जणू कोंबडा त्यांच्याशीच बोलत होता.

मला वाटलं, डब्यासकट खिडकीतून उडी मारावी. मॅडमचं पेन वहीवर चाललं होतं. माझी लॅब त्या पेनाच्या टोकाशी होती आणि मला ती जाताना दिसत होती.

"बाई, डबा बरोबर नसेल," हेडसर पुढे येत म्हणाले. "सोडून द्या. पुढचा भाग घ्या."

सोडून देणं सोपं होतं. शाळेसमोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे, त्याच्यावर खापर फोडता आलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं. मी तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात खिडकीजवळ वेणी सुटलेलं डोकं वर आलं.

"पण बाई..."

हेडसरांनी डोळे मिटले.

"बोल," मी म्हटलं.

"घरी करून बघितला होता ना तुम्ही?"

"बघितला होता. नाही वाजला."

"पण बाई, तुमच्या घरी डब्याबाहेर तरी वाजतो का? तुम्हीच सांगता, आजींना खिडकीतून हात बाहेर काढावा लागतो."

यावर जो हशा झाला तो कोंबड्याच्या हशाच्या दुप्पट होता, आणि या वेळी मीही त्यात होते, कारण दुसरं काय करणार? आमच्या ओट्यावर फोन डब्यात ठेवा, टोपलीत ठेवा, नाहीतर डोक्यावर ठेवा, तो वाजत नाही. कधीच वाजलेला नाही. कुठलाही प्रयोग करताना जिचा परिणाम तपासायचा ती वस्तू आधी बाजूला काढून बघा, हे मी पोरांच्या कानीकपाळी ओरडत आले होते, आणि स्वतः मात्र गिरकी घेऊन मोकळी झाले होते.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हटलं. "मी डबा तपासलाच नाही. मी आमचं घर तपासलं. आता डबा तपासायचा आपण. डब्यात लहर शिरली, हे कोंबड्याने सिद्ध केलं. कुठून शिरली? चाळणी सांगते, शिरायला नको. मग मोडा चाळणी."

हेडसर "बाई, नको" असं म्हणाले असावेत. मला ऐकू आलं नाही, कारण तोवर लॅबमध्ये बाजार भरला होता. एक म्हणाला पत्रा पातळ असेल. दुसऱ्याने त्याला तिथेच खोडलं, "मग लिफ्टचा पत्रा काय हातभर जाड असतो?" एकाने डबा उजेडासमोर धरून भोक शोधलं. नव्हतं. झाकण आणि डबा यांच्यामध्ये फट होती, पण केसाएवढी. "एवढ्याशा फटीतून वीतभर दाणा जाईल का?" त्याने विचारलं आणि सगळे अडले.

'पण' मात्र झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होती, गोल, पुन्हा गोल. तिचा चेहरा बघून मी पोरांना हाताने गप्प केलं. असा चेहरा दिसावा म्हणून तर मी इतकी वर्षं लाटणी पळवते.

"बाई, माझे बाबा लिफ्टमध्ये काम करतात तेव्हा दार बंद असलं की आईचा फोन लागत नाही. म्हणून ते दार बोटभर उघडं ठेवतात. मग लागतो. बोटभरच फट, पण उभी, वरपासून खालपर्यंत." ती थांबली. "चाळणीत दाणा रुंदीला अडतो. फट कितीही लांब असू दे, अरुंद असली की दाणा अडला. पण लहर नाही ना अडली. म्हणजे तिला रुंदीशी देणंघेणं नाही. तिला फटीची लांबी हवी. आणि ही फट केसाएवढी असली, तरी डब्याला पूर्ण चक्कर मारून येते!"

मी खडू पुढे केला. तिने घेतला नाही.

"आधी बघू तरी," ती म्हणाली. "फटीची लांबी तोडू. मध्ये मध्ये धातू खुपसू, म्हणजे एका लांब फटीच्या छोट्या छोट्या फटी होतील."

"धातू कुठून आणणार?" मी विचारलं.

बाकांखालून जेवणाचे डबे निघाले. त्यातलं फॉइल निघालं, कोणी झटकलं, कोणी शर्टाला पुसलं. बोटाएवढे बोळे वळून, चपटे करून पोरांनी झाकणाच्या कडेखाली खोचायला सुरुवात केली.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की मॅडमही दचकल्या. "एकदा अद्दल घडली ना आपल्याला? आधी काय?"

"आधी कागद!" निम्मा वर्ग ओरडला.

तसेच बोळे, त्याच जागा, पण वहीच्या कागदाचे, म्हणजे काम नुसत्या बोळ्यांचं की धातूचं ते कळावं. हेडसरांनी नंबर लावला. कोंबडा आरवला आणि त्याच्या आरवण्यावर या वेळी टाळ्या पडल्या. कागद निघाला, फॉइल आत गेलं, झाकण दाबलं. डब्याभोवती डोक्यांचं असं कडं झालं होतं की मला डबा दिसेना. शेवटच्या बाकावरून मॅडम कधी उठल्या कोण जाणे, त्या कड्यात होत्या आणि टाचा उंचावून बघत होत्या.

"लावा, सर."

हेडसरांनी लावला. काही नाही. अजून काही नाही. मग हेडसरांच्या फोनमधून तो गोड आवाज आला, आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता...

पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. बाकं वाजली, डबे वाजले, कोणीतरी आनंदाच्या भरात गोळ्यालाच धक्का दिला आणि तो हेलकावे घेत सुटला. हेडसर त्याच्या वाटेतून उडी मारून बाजूला झाले, आणि उडी मारता मारता ओरडत होते, "क्षेत्राबाहेर! बाई, क्षेत्राबाहेर!" मी आयुष्यात बक्षिसं घेतली आहेत, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता. माझा प्रयोग फसला होता आणि माझ्या पोरांनी तो जिंकून आणला होता.

'पण'ने आता खडू घेतला. फळ्याच्या कोपऱ्यात गेली आणि 'चाळणी'वर आडवी रेघ मारली, अशी दाबून की खडू मोडला.

"मी एक विचारू का?" मॅडम म्हणाल्या. वर्ग हळूहळू जागेवर आला. "खिडकीला लोखंडी गज असतात. त्यातून लहरी आत कशा येतात?"

हात इतके वर आले की कोणाकडे बघावं ते मॅडमना कळेना. शेवटी ज्याने पत्र्याला दोष दिला होता त्याच्याकडे त्यांनी बोट केलं. "मॅडम, दोन गजांमध्ये जागा कमी असते, पण ती खिडकीएवढी लांब असते. लांब फट म्हणजे लहरीला रस्ताच. आडवे-उभे गज लावून बारीक जाळी केली तर अडेल." मग जरा थांबून, "पण करून बघायला पाहिजे."

मॅडम काही बोलणार तोच हेडसरांचा फोन वाजला. नाव बघून ते नकळत ताठ उभे राहिले आणि दोन शब्द ऐकून मॅडमकडे वळले. "अध्यक्ष आहेत. मॅडम, तुम्हाला. म्हणतात केव्हापासून तुमचा फोन लागत नाही."

मॅडमनी फोन कानाला लावला. पोरं बसल्या जागी गप्प झाली. त्यांना सगळं माहीत होतं, शाळेत काही लपून राहत नाही. मी टेबलाची कड धरून उभी होते.

"हो, माझा फोन डब्यात होता... डब्यात. पिठाच्या... नाही, मी बरी आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत हसू दिसलं. "बघितले दोन्ही तास... नाही. लॅब राहू द्या. या शाळेतलीच नाही, सगळ्या शाळांतल्या... का म्हणजे? तिकडे पडद्यावरचा फोन वाजला नाही, म्हणून तिथे कोणाला काही विचारावंसंच वाटलं नाही."

फोन ठेवून त्यांनी वही पिशवीत टाकली. दाराशी त्या थांबल्या. "बाई, घरी आधी डब्याबाहेर लावून बघत जा."

"हो," मी म्हटलं. त्यांच्या पाठीमागे वर्गाने जो काही गोंगाट केला, तो शेजारच्या बाईंनी नक्की ऐकला असणार. ऐकू दे.

घरी आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. मी चप्पल काढायच्या आत सगळं सांगितलं, कोंबड्यापासून रेघेपर्यंत. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की मला काय येणार ते कळून चुकलं.

"अगं, पण मी तेव्हा तेच सांगत होते! म्हटलं, या ओट्यावर कधी फोन वाजलाय का, तर म्हणे पण नाही आणि बिण नाही!"

मी पिशवीत हात घातला, 'पण'ने मोडलेल्या खडूचा उचलून ठेवलेला तुकडा तळाशी सापडला, तो त्यांच्या तळहातावर ठेवला. माझ्या वर्गात खडू कोणाला मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि पदराच्या टोकात बांधून ठेवला.

"बरं, डबा कुठाय?"

"लॅबमध्ये, आई. तो आता तिथलाच झाला. पोरं सोडायला तयार नाहीत."

त्यांनी पातेल्यातल्या पिठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलून तरातरा खिडकीत गेल्या. गजांतून हात बाहेर गेला, स्पीकर लागला, आणि अख्ख्या गल्लीने ऐकलं:

"हेडसर, डबा ठेवून घ्या हो! पण लॅबला परत कोणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे!"